अक्काचं चुंबक

"हाई गोधडी शे का तापी शे? सांगा ना भाभी! ही लाट इथून निघाली ती कुठे जाऊन समुद्राला मिळाली? होडी सोडू का हिच्यात, होडी?"

द्वारकाअक्का आपल्या ओट्यावर उभी राहून ओरडत होती. तिच्या दोन्ही हातांत कांताभाभीने चार महिने खपून जोडलेल्या गोधडीचा काठ होता. भाभीच्या घरात तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. सुरतेचे व्यापारी तिच्यासमोर चहा थंड होईस्तोवर हात जोडून बसतात. ती भाभी खालच्या पायरीवर गृहपाठ विसरलेल्या पोरीसारखी पदराचं टोक पिळत उभी होती. अक्काचा आवाज एकदा वर चढला की नशिराबादला म्हशी पान्हा चोरायच्या. मी वाढवून सांगते असं वाटत असेल, तर नशिराबादला जाऊन म्हशींना विचारा.

"अक्का, एक धुणं झालं की बसेल ना सरळ," भाभी म्हणाली.

"बसेल? साठ वर्षांत मनुष्य सरळ बसत नाही, काठ बसेल? उसव!"

भाभीने मुकाट्याने गोधडी उचलली. जाताना एवढंच पुटपुटली, "एक दिवस हिची पण कोणी उसवेल." मी शेजारच्या ओट्यावर गवार मोडत होते. मी ऐकलं आणि गवार मोडत राहिले.

आता अक्का जळगावात नाही. लेकीकडे पुण्याला राहायला गेली, म्हणून तर मी हे लिहायला धजावले. ती इथे असती तर हा कागदही तिने उन्हासमोर धरला असता आणि म्हणाली असती, "धागे किती लोंबतायत यात, बाई!"

आम्ही कॉलनीतल्या सात-आठ जणी गोधड्या करतो. करतो म्हणजे वरचं शिवतो. तुकड्याला तुकडा जोडून जो दर्शनी पदर तयार होतो, त्याला आम्ही 'वरचं' म्हणतो. त्याखाली भरण आणि सगळ्यात खाली अस्तर. पूर्वी या तिन्हींतून हाताने धावदोरा घालता घालता एकेका बाईची नजर जायची. आता धुळ्याला सुपडूभाऊ आहे. हा माणूस वीस वर्षं सुरतेला कारखान्यात राबला आणि परत येताना लांब हाताचं एक जुनं मशीन घेऊन आला. आपल्या घरच्या मशीनचा हात वीतभर. याचा हात एवढा लांब, की पारोळा रोडच्या दुकानात बसून साक्रीच्या माणसाचं बटण लावता येईल. गोधडी दोन रुळांवर ताणून बसवायची, आणि मग सुपडूभाऊ मशीनच्या दोन मुठी धरून तिच्यावरून असा फिरतो, जणू शेतात पाभर चालवतोय. सहा महिन्यांचं काम एका दुपारी.

पण त्या मशीनचे नखरे नव्या नवरीला लाजवतील. कापडाला चुणी नको. मागे धागा लोंबता नको. अस्तर चारी बाजूंनी चार इंच जास्त, कारण रुळाला धरायला काहीतरी हवं. तिन्ही थर सुटे सुटे आणायचे. आणि टाचणी, बटण, टिकली, आरसा, असलं काही कापडात राहिलं की सुई खलास. एकदा पहूरहून आमच्यात आलेल्या एका बाईची टाचणी राहून गेली. सुई मोडली आणि मशीनचं तंत्रच असं बिघडलं की आठ दिवस ते भलतीकडेच टाके घालत होतं. सुपडूभाऊने फोन करून सांगितलं, "जळगावनं काम बंद. बठ्ठं बंद." म्हणजे सगळंच.

तेव्हा अक्का उभी राहिली.

अक्का मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायची. निवृत्तीच्या दिवशी शाळेने तिला शाल दिली. अक्काने स्टेजवरच शालीचा काठ बोटांनी मोजला आणि आभाराच्या भाषणात सांगितलं की शाल प्रेमाने दिलीत, पण डावीकडून पाऊण इंच कमी आहे. त्यानंतर दोन वर्षं तिला उसवायला कोणी मिळालं नव्हतं. बाई वाळून चालली होती. पहूरच्या टाचणीने तिला जीवदान दिलं.

ती पहिल्या एस.टी.ने धुळ्याला गेली आणि सुपडूभाऊला म्हणाली, "यापुढे जळगावचं एकही वरचं माझ्या हाताखालून गेल्याशिवाय तुझ्या उंबऱ्यात येणार नाही. माझा शब्द." नुसत्या शब्दावर थांबली तर ती अक्का कसली? तिने त्याच्याच दुकानातल्या एका पुठ्ठ्यावर फळ्यावरच्या अक्षरात पाटी लिहिली आणि मशीनच्या वर टांगली: 'ज्यांच्या कामामुळे सुई मोडेल, त्यांचं काम वर्षभर घेतलं जाणार नाही. सबबी सांगू नयेत.'

त्या दिवसापासून अक्काला राज्य मिळालं. एक ओटा, सात-आठ प्रजाजन आणि शस्त्र म्हणून एक चुंबक.

हे चुंबक म्हणजे तिच्या कैलासवासी यजमानांच्या रेडिओच्या कर्ण्यातून काढलेलं, पोळपाटाएवढं. निदान माझ्या डोळ्यांना तरी तेवढंच दिसायचं. वरचं आलं की अक्का ते ओट्यावर पसरायची आणि चुंबक हातात घेऊन त्यावरून फिरवायची, तोंडाने काही न बोलता, देवऋष्याने मोरपीस फिरवावं तसं. आम्ही श्वास रोखून उभ्या. माझ्या एका गोधडीतून तिने तीन टाचण्या, एक आकडी पिन आणि माझ्या सासूबाईंची दोन वर्षांपूर्वी हरवलेली सुई काढली. सासूबाईंनी त्या सुईवरून एका मोलकरणीला काढलं होतं. अक्काने ती सुई सगळ्यांसमोर त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या. आता तिला परत बोलवा." बोलवावं लागलं.

चुंबकानंतर गुण्या. सुताराचा लोखंडी गुण्या ती कोपऱ्याला लावायची. कोपरा गुण्यात नसला तर, "हे काय, पंचकोनी पोर झोपणार आहे यात?" मग धागे. वरचं उलटं करून उन्हासमोर धरायचं. पांढऱ्या कापडाखाली काळा धागा दिसला की संपलं. मग इस्त्री. इस्त्रीवर तिचं अर्ध्या तासाचं प्रवचन होतं. "घासू नको! दाब, उचल, पुढे ठेव. दाब, उचल, पुढे ठेव. घासलं की कापड तिरपं ओढलं जातं, मग काठाला लाटा येतात, मग तू माझ्याकडे येऊन रडतेस." मे महिन्यात मात्र इस्त्रीची गरज नसायची. जळगावच्या मे महिन्यात वरचं ओट्यावर पसरलं की आपसूक कडक होऊन उभं राहायचं, चालत धुळ्याला जाईल असं.

काठाचं तिचं गणित आम्हाला आजवर नीट कळलेलं नाही, पण ते बरोबर निघतं. आम्ही काठाची पट्टी गोधडीच्या कडेवर ठेवून मापायचो. अक्का म्हणायची, कडा खोटं बोलतात, मधोमध मापा. कड ही ओढून ताणून मोठी झालेली असते. खरं माप पोटातून निघतं. आम्ही मधोमध मापायला लागलो आणि लाटा बसल्या. फक्त कांताभाभीच्या बसल्या नाहीत, कारण भाभी म्हणे, "आमच्या दुकानात कडेनेच मापतात."

धुळ्याला न्यायची तऱ्हाही अक्काचीच. घडी घातली की चुण्या पडतात, म्हणून सगळी वरची एका पी.व्ही.सी. पाइपवर गुंडाळायची. पाइपांचे कारखाने गावातच, मग जळगावात पाइपाला काय तोटा? घराघरात मुलांपेक्षा पाइप जास्त. अक्काने निवडलेला पाइप असा लांब, की तो एस.टी.त आडवा घातला तेव्हा त्याचं तोंड पारोळ्याला पोचलं आणि शेपूट अजून एरंडोलला होतं. कंडक्टरने विचारलं, "मावशी, ही तोफ कुठे लावायची?"

"तोफ नाही, गोधड्या आहेत."

"मग इतक्या लांब कोण झोपतं?"

"तू झोप. आणि पाय पुसून झोप."

कंडक्टर धुळ्यापर्यंत पाइपाला हात लावायला आला नाही. उतरताना मात्र त्यानेच दुसरं टोक धरलं. अक्का त्याला म्हणाली, "सरळ धर. लाट येतेय."

आता मूळ गोष्टीकडे येते.

अक्काच्या एकुलत्या लेकीला, पुण्याच्या सुनंदाला, लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले. अक्का हे कोणाला सांगत नव्हती, पण तिने वरचं शिवायला घेतलं तेव्हा कॉलनीला कळलं, कारण ते हातभर बाय दीड हात होतं आणि त्यात एकही गडद तुकडा नव्हता. पिवळे, फिकट हिरवे, पांढरे. टाके असे, की मुंगीने जाता जाता ओवले असतील. सुनंदा बाळंत झाली, मुलगी झाली, बारसं बारा दिवसांवर आलं आणि अक्का म्हणाली, "गोधडी बारशाला पाळण्यात पाहिजे. उद्या धुळे."

त्या दिवशी सगळ्यांची वरची ओट्यावर तपासून झाली. चुंबक फिरलं, गुण्या लागला. शेवटी अक्काने स्वतःचं वरचं पाइपवर ठेवलं. मी सहज बोलून गेले, "अक्का, हिच्यावर चुंबक?"

अक्काने माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या हातातली गवार आपोआप मोडली. "माझ्यावर?" ती म्हणाली.

मी आणि कांताभाभी तिच्याबरोबर गेलो. भाभी का आली हे मला त्या दिवशी कळलं नाही. आज वाटतं, काही माणसांना आधीच वास लागतो.

सुपडूभाऊने आधी आमच्या गोधड्या केल्या. भाभीची लाट अखेर बसली होती. मशीन तिच्यावरून लोण्यासारखं गेलं. मग त्याने अक्काची छोटी गोधडी रुळावर चढवली. म्हणाला, "अक्का, तुमनं काम म्हणजे काय, डोळे मिटीसन चालावू." आणि खरोखर त्याने डोळे मिटून मुठी धरल्या.

टक टक टक टक टक. खट्ट.

सुई मोडली. सुपडूभाऊने डोळे उघडले. अक्का म्हणाली, "सुई जुनी असेल."

त्याने नवी सुई लावली. आम्हा तिघींसमोर पाकीट फोडून लावली. दुसऱ्या कोपऱ्याशी पुन्हा खट्ट. मोडलेलं टोक उडून भाभीच्या अंबाड्यात बसलं.

"भाभीच्या राजस्थानी आरशाचा एखादा तुकडा मशीनमध्ये अडकला असेल," अक्का म्हणाली. भाभीने आजवर एकाही गोधडीला आरसा लावलेला नाही. तिने अंबाड्यातून सुईचं टोक काढलं, पुसलं आणि मशीनवर ठेवलं.

अक्काने पिशवीतून चुंबक काढलं. गोधडीवरून फिरवलं. एकदा, दोनदा, चारी कोपऱ्यांवरून. चुंबकाला काही चिकटलं नाही. "बघ सुपडू, बघ! लोखंडाचा कण नाही. मशीनच बिघडलं तुझं. तुझी सवय सुरतेपासूनची, तेल घालायचं नाही!"

सुपडूभाऊ खाली वाकला. अंगठ्याने कोपरा चाचपला. मग उसवणीने दोन टाके काढले, दोन बोटं आत घातली आणि एक वस्तू बाहेर काढून उजेडात धरली. पिवळी, गाठाळ, दगडासारखी कडक. तिच्यामागून पाच गव्हाचे दाणे टपटप फरशीवर पडले.

"अक्का, हाई काय शे?"



अक्काचं माहेर शिरपूरकडचं. तिच्या माहेरी तान्ह्या बाळाच्या गोधडीच्या कोपऱ्यात, वरच्याच्या आतल्या अंगाला, चिमुकली पुरचुंडी करून हळकुंड आणि पाच गहू शिवतात. हाताने शिवताना काही अडत नाही. सुई त्याला वळसा घालून जाते. सुपडूभाऊच्या मशीनला वळसा ठाऊक नाही. आणि चुंबकाला हळकुंड ठाऊक नाही.

"तान्ह्या बाळानी गोधडी उपाशी ठेवतस का कोनी?" अक्का म्हणाली. रागाला आली की ती माहेरची भाषा बोलते हे आम्हाला माहीत होतं. पण त्या दिवशी तिला राग आलेला नव्हता.

"आखो कितला शेतस?"

"कोपरे किती असतात गोधडीला?" अक्का ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "चार."

सुपडूभाऊने कपाळाला हात लावला. तेवढ्यात कांताभाभी पुढे झाली. मशीनच्या वर टांगलेल्या पाटीसमोर उभी राहिली आणि तिने चष्मा लावला. भाभीचा आवाज साखरेचा. मारवाडी वळणाच्या मराठीत, एकेक शब्द तोलून मापून, तिने वाचलं, "ज्यांच्या कामामुळे सुई मोडेल, त्यांचं काम वर्षभर घेतलं जाणार नाही." आणि थांबली.

मला वाटलं आता अक्का दुकान डोक्यावर घेईल. पत्रे उडतील, मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक थांबतील. अक्का म्हणाली, "पुढची ओळ राहिली, भाभी."

"जाऊ द्या ना, अक्का."

"वाच."

"सबबी सांगू नयेत," भाभीने वाचलं. तिच्या तोंडातली साखर गेली होती.

सुपडूभाऊ मध्ये पडला. म्हणाला, अक्का, तुमच्यासाठी नाही हो ते. हळकुंडं काढतो, दहा मिनिटांत करून देतो, बारशाला पोचेल. अक्काने गोधडी रुळावरून स्वतः उतरवली. फरशीवरचे पाच गहू एक एक करून वेचले. हळकुंड पदराच्या गाठीला बांधलं. "वर्षभर," ती म्हणाली आणि पाइप घेऊन स्टँडकडे चालू लागली. त्या दिवशी कंडक्टर वेगळा होता. त्याने पाइपाबद्दल काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दहा दिवस अक्का ओट्यावर बसून हाताने गोधडी शिवत होती. हळकुंडं पुन्हा कोपऱ्यांत गेली होती, गहूसुद्धा. आम्ही जाता येता पाहायचो आणि न पाहिल्यासारखं करायचो. दहाव्या दिवशी कांताभाभी पायरी चढून वर आली. हातात गुण्या आणि टेप. "अक्का, दाखवा." अक्काने निमूट गोधडी पुढे केली. भाभीने कोपरे तपासले, काठ मापला, आधी कडेने आणि मग मधोमध. कुठेही सुतभर फरक निघाला नाही. भाभीला त्याचं इतकं दुःख झालं की पुढे दोन दिवस तिला जेवण गेलं नाही.

बारशाहून परत आल्यावर अक्काने पहिलं काम काय केलं असेल? ओट्याच्या भिंतीवर नियम लिहिलेले असायचे, आठ. तिने खडूने नववा लिहिला: 'कोपऱ्यात हळकुंड घालणाऱ्या काही बायका असतात. त्यांच्यावर लक्ष ठेवावे.' आणि दुसऱ्या दिवसापासून चुंबक फिरवून झालं की ती आमच्या गोधड्यांचे चारी कोपरे अंगठ्याने दाबून बघायची आणि आमच्या तोंडाकडे असा संशयाचा कटाक्ष टाकायची, की धुळ्याला जे घडलं ते आम्हीच केलं असावं असं आम्हाला वाटायला लागलं. मी एकदा स्वप्नात हळकुंड गिळलं.

वर्षभर तिचं स्वतःचं एकही वरचं धुळ्याला गेलं नाही. आमची गेली. एकही सुई मोडली नाही.

सुनंदाची वाढवून घेतलेली रजा संपत आली तसा बाळाला सांभाळायला पुण्याला जायचा दिवस ठरला. जाण्याच्या आदल्या सकाळची अक्का मला अजून दिसते. सामान बांधून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेलं, पाइप भाभीच्या नावे करून दिलेला, आणि ती मात्र भाभीचं नवं वरचं उन्हासमोर धरून धागे शोधत होती. चुंबक काखेत. तेवढ्यात सुनंदाचा फोन आला. हात गुंतलेले म्हणून अक्काने मला सांगितलं, स्पीकरवर लाव. मी लावला. सुनंदा पुण्यातून इतक्या मोठ्याने ओरडत होती की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. मुलगी कोणाची, ते कळत होतं.

"आई! काय घातलंयस तू त्या गोधडीत? कोपऱ्याच्या टाक्यांतून हिरवे कोंब आलेत, बोटाबोटाएवढे! बाळ झोपतं त्या अंगाला! आई, गोधडी उगवलीय!"

भाभीने चष्मा लावला. मी गवार खाली ठेवली. अक्काने काळा धागा शोधला, कात्रीने कापला, पायरीखाली टाकला.

"बाळाला शू साफ होते तर," ती म्हणाली.